दाण्यावरचा पांढरा ठिपका

मृग लागला की पंधरा दिवसांत फोन सुरू होतात. "काकू, मटकीत किडे झालेत." "मॅडम, तांदूळ चाळून चाळून हात दुखले, तरी सोंडे संपत नाहीत." कृषी महाविद्यालयात कीटकशास्त्र शिकवण्यात माझी सगळी नोकरी झाली. त्यामुळे नात्यातल्या आणि सोसायटीतल्या सगळ्या डब्यांची जबाबदारी न मागता माझ्याकडे आली आहे. कॉलेजात आम्ही हेच किडे बरण्यांमध्ये मुद्दाम वाढवायचो, मुलांना दाखवायला आणि प्रयोगांना लागायचे म्हणून. घरी येऊन त्याच किड्यांपासून वर्षाची बेगमी वाचवायची. दोन्हीकडे जे उमगलं ते आकडे घालून लिहिते आहे. आकडे नुसते सोयीसाठी, महत्त्वाच्या क्रमाने नाहीत.

१. कीड बहुतेक वेळा दाण्यात बसूनच घरी येते.

"आमचं घरचं धान्य आहे, दुकानातलं नाही," हे ऐकलं की मला पुढचं वाक्य पाठ असतं: "मग किडे आले कुठून?" शेतातून आले. कडधान्याचा भुंगेरा तूर, चवळी, मूग उभे असतानाच, शेंगा पिकायला लागल्या की त्यांच्यावर अंडी घालतो. अळी सालीतून आत जाते आणि दाण्यात शिरते. मग काढणी, मळणी, उफणणी सगळं होतं आणि पोतं घरात येऊन पडतं. दाणा वरून गुळगुळीत असतो. पोत्यात असे दाणे अगदी थोडे असतात, पण तेवढे पुरतात. तूर पौष-माघात घरी येते. फाल्गुनात ऊन तापायला लागलं की पहिले भुंगेरे बाहेर पडतात आणि तेव्हा कुठे घरच्यांना पत्ता लागतो. झाकण घट्ट होतं, डबा धुतलेला होता, या तक्रारी खऱ्या असतात. पण कीड आतच कोंडलेली असल्यावर झाकणाने काय होणार?

दुसरा रस्ता म्हणजे आपलंच घर. रिकाम्या कोठीच्या सांध्यात, बारदानाच्या शिवणीत, डब्याच्या तळाशी राहिलेल्या चमचाभर चुऱ्यात गेल्या वर्षीची कीड टिकून असते. म्हणून जुन्यावर नवं ओतायचं नाही. जुनं संपवा किंवा वेगळं काढा, भांडं घासून कडकडीत उन्हात वाळवा, मग नवं भरा. पोती वापरायचीच तर ती उलटी करून, झटकून, उन्हात टाका.

२. ठिपका पारदर्शक की पांढरा, ते बघायला शिका.

एवढी एकच गोष्ट शिकलात तरी पुष्कळ झालं. चवळीचे थोडे दाणे तळहातावर घेऊन खिडकीशी जा. भिंग असलं तर उत्तम, नसलं तरी चालतं, कारण चवळीच्या फिकट सालीवर नुसत्या डोळ्यांनीही दिसतं. भुंगेऱ्याची मादी दाण्याच्या सालीवर अंडं चिकटवते. ते जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं, लांबट आणि चपटं असतं. ताजं असताना वाळलेल्या डिंकाच्या थेंबासारखं चकाकतं आणि त्यातून खालची साल दिसते. चार-पाच दिवसांनी अळी तयार होते. ती अंडं फोडून बाहेर येत नाही. अंड्याचा तळ आणि त्याखालची साल कुरतडून थेट दाण्यात उतरते आणि कुरतडलेला भुसा मागे, रिकाम्या कवचात ढकलत जाते. कवच भुशाने भरलं की ते दुधी पांढरं दिसू लागतं. ठिपका पारदर्शक असेल तर अजून काही करता येतं. पांढरा झाला असेल तर अळी आत गेली.

आत ती पांढरी, जाडसर, वाकडी होऊन बसलेली असते. आतल्या आत कात टाकत वाढते आणि दोन-तीन आठवडे दाण्याचा गर खात राहते. या काळात बाहेरून काहीही कळत नाही. दाण्याचं वजन कमी होत असतं, पण एक दाणा कोण तोलून बघतो? कोषात जाण्यापूर्वी मात्र ती एक काम करते, आणि विद्यार्थ्यांना मी ते नेहमी मुद्दाम दाखवायची. अळी पोखरत सालीच्या अगदी आतल्या बाजूपर्यंत येते आणि तिथे थांबते. फक्त सालीचा पापुद्रा शिल्लक ठेवते. बाहेरून तिथे एक गोल, करडी, किंचित अर्धपारदर्शक खिडकी दिसते. त्या खिडकीच्या मागे ती कोषात जाते. पूर्ण भुंगेरा तयार झाला की तो पापुद्रा गोल कापतो आणि डोक्याने ढकलून बाहेर पडतो. भुंगेऱ्याला बाहेर पडायला जबडे उपयोगी पडावेत, पण अळीनेच वाट अर्धी करून ठेवावी, ही तजवीज बघून मला अजूनही गंमत वाटते.

बाहेर आलेला भुंगेरा तीन-चार मिलिमीटरचा, तपकिरी असतो. पंख आखूड, त्यामुळे मागचं टोक उघडं दिसतं. आपल्याकडे आढळणाऱ्या एका जातीत नराच्या मिशा ठळक दातेरी असतात, त्यामुळे नर-मादी ओळखायला मुलांना वेळ लागत नाही. या भुंगेऱ्याला खायला लागत नाही. जे काय खायचं ते अळी असताना खाऊन झालेलं असतं. बाहेर पडल्यावर काही तासांत जोड्या जमतात, मादी अंडी घालू लागते आणि दहा-बारा दिवसांत दोघंही मरतात. डब्यात लगबगीने फिरणारा भुंगेरा तुमची मटकी खात नसतो, पुढची पिढी चिकटवत असतो. त्याला वेचून फेकल्याचं समाधान जरूर मिळवा, पण त्याच्या आधीची अंडी दाण्यांवर आहेत हे लक्षात ठेवा.

३. हिशेब एकदा कागदावर करून बघावा.

पावसाळ्यातली दमट हवा आणि तीस अंशांच्या आसपासचं तापमान असलं की अंड्यापासून भुंगेऱ्यापर्यंत पंचवीस ते तीस दिवस लागतात. मादी साधारण ८० ते १०० अंडी घालते. आपण ८० धरू, त्यात निम्म्या माद्या. एका मादीपासून महिन्यात ८०, दुसऱ्या महिन्यात ३,२००, तिसऱ्या महिन्यात १,२८,०००. प्रत्यक्षात एवढे होत नाहीत, कारण पुष्कळ मरतात आणि दाणेही संपतात. पण "परवापर्यंत एकच दिसत होता, आज सगळा डबा भरला" असं लोक का म्हणतात ते यातून कळतं. आणखी एक गोष्ट यात भर घालते. मादी अंडं घालण्यापूर्वी दाणा चाचपते आणि ज्यावर आधीच अंडं आहे तो शक्यतो टाळते. त्यामुळे अंडी एका कोपऱ्यात न साचता डबाभर वाटली जातात आणि भोकंही सगळीकडे एकदमच दिसू लागतात.

थंडीत हाच प्रवास दुपटीहून जास्त वेळ घेतो. पंधरा-सोळा अंशांच्या खाली वाढ जवळपास थांबते. दिवाळीनंतर तक्रारी कमी होतात त्या यामुळे.

४. तूर ठेवू नये, डाळ ठेवावी.

हे माझं वाक्य नाही, माझ्या माहेरच्या बायकांचं आहे. लातूरच्या बाजूला घरी आलेल्या तुरीची उन्हाळ्यातच डाळ करून घेण्याची पद्धत होती, आधी जात्यावर, नंतर डाळमिलमध्ये. भुंगेऱ्याला सालीचा, गोलसर, गुळगुळीत अख्खा दाणा हवा असतो. फोडलेल्या, साल काढलेल्या डाळीवर मादी फार कमी अंडी घालते आणि घातली तरी अळ्या नीट वाढत नाहीत. शिवाय डाळ करताना पोखरलेले दाणे फुटून भुशात जातात. अख्खं ठेवायचंच तर ते फक्त बियाण्यापुरतं आणि उसळीपुरतं ठेवावं.

राजम्याची गोष्ट निराळी. आपल्याकडचे हे भुंगेरे राजम्यात वाढू शकत नाहीत. राजम्यात एक प्रथिन असतं, ते अळीच्या पोटातलं पिष्ट पचवणारं विकर बंद पाडतं. अळी खात असते आणि उपाशी मरते. ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी या प्रथिनाचं जनुक वाटाण्यात घातलं होतं आणि भुंगेऱ्याविरुद्ध ते उत्तम चाललंही. पण तो वाटाणा खाल्लेल्या उंदरांमध्ये प्रतिकारशक्तीच्या नको त्या प्रतिक्रिया दिसल्या आणि २००५ मध्ये ते काम सोडून दिलं गेलं. राजम्याचा डबा मी तपासत नाही, त्याचं श्रेय या प्रथिनाला.

५. सोंड्यांची चाल वेगळी आहे.

गहू, तांदूळ, ज्वारी, मका यांतले सोंडे म्हणजे सोंडकिडे. यांच्या बाबतीत ठिपका शोधून उपयोग नाही. मादी सोंडेने दाण्याला बारीक छिद्र पाडते, वळते, छिद्रात एक अंडं घालते आणि वरून चिकट स्राव लावून छिद्र बुजवते. बुच दाण्याच्या रंगात मिसळून जातं. प्रयोगशाळेत ते दिसावं म्हणून दाणे रंगद्रव्यात बुडवावे लागतात. बिनपायाची अळी आत वाढते, आतच कोष होतो. पूर्ण वाढीला साधारण महिना ते पाच आठवडे लागतात. भुंगेऱ्याशी तुलना करता सोंडा चिवट. प्रौढ झाल्यावरही खातो, काही महिने जगतो आणि एक मादी आयुष्यात तीनशेच्या वर अंडी घालू शकते.

सोंडा सोंग घेण्यात पटाईत आहे. गहू सुपात घेऊन पाखडा, तो पाय पोटाशी घेऊन निपचित पडतो आणि दाण्यांबरोबर सुपातच राहतो. पाखडून लगेच डबा भरणाऱ्यांची फसगत होते ती इथे. ताटात पसरून उन्हात ठेवा, जरा वाट बघा, मग ते चालू लागतात.

लोकांना सहसा माहीत नसलेली एक गोष्ट: कडधान्याचा भुंगेरा गव्हा-तांदळात वाढत नाही आणि सोंड्यांची पैदास पिठात होत नाही, त्यांना अख्खा दाणा लागतो. मटकी किडली म्हणून सगळी मांडणी उपसून गहू-तांदूळही टाकून देणाऱ्या शेजारणीला मी वेळेवर थांबवलं आहे. पिठात सोंडा दिसला तर तो दुसऱ्या डब्यातून फिरत आलेला असतो. मूळ डबा शोधा.

गव्हाच्या तळाशी बारीक पीठ साचत असेल आणि दाणे पोकळ होत असतील तर तो सोंडा नसून दाणे पोखरणारा भुंगेरा असतो. काळपट, नळीसारख्या अंगाचा, वरून पाहिलं तर डोकं दिसतच नाही. बांबू आणि लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांच्याच कुळातला. खातो त्याहून जास्त नासतो.

६. रव्या-पिठातली जाळी आणि तांबडे भुंगे.

हे मागून येणारे. तांबड्या भुंगेऱ्याला अख्खा, शाबूत दाणा नीट फोडता येत नाही. आधी कुणीतरी पोखरलेला दाणा, चुरा, रवा, मैदा, बेसन हे त्याचं खाणं. अंडी चिकट असतात, त्यांना पिठाचे कण चिकटतात, त्यामुळे ती दिसत नाहीत आणि जाड चाळणीतून सरळ खाली जातात. चाळायचं तर मैद्याच्या बारीक चाळणीने चाळा. फार झाले की पीठ किंचित गुलाबीसर दिसतं आणि उग्र वास येतो. तो त्यांच्या अंगातल्या रसायनांचा. असं पीठ चाळून वापरू नये, टाकावं. हाच किडा जगभरच्या प्रयोगशाळांचा लाडका आहे. भुंगेऱ्यांच्या गणात सर्वांत आधी संपूर्ण जनुकसंच वाचला गेला तो याचा, २००८ मध्ये.

रव्यात, ज्वारीत, तांदळात जाळी होते ती पतंगाच्या अळीची. रेशमासारखा धागा काढून ती दाणे एकमेकांना जोडते आणि त्या गुठळीत राहते. गृहिणी जिच्या नावाने बोटं मोडते तिला साखर कारखान्यांच्या आणि कृषी विद्यापीठांच्या प्रयोगशाळांमध्ये भरड धान्य घालून पोसतात. या पतंगाच्या अंड्यांवर ट्रायकोग्रामा नावाची अतिसूक्ष्म गांधीलमाशी वाढवतात आणि ती अंडी कार्डावर चिकटवून ऊस-कपाशीच्या शेतात लावतात. खोडकिडा आणि बोंडअळीची अंडी ती माशी खलास करते. शेतकरी ज्याला ट्रायकोकार्ड म्हणतात ते हेच.

शहरातल्यांसाठी सोपा उपाय: रवा, बेसन, मैदा आणला की घट्ट पिशवीत घालून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवा, फ्रीजच्या खालच्या कप्प्यात नव्हे. उणे अठरा अंशांत अंडीसुद्धा मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानावर येईपर्यंत उघडू नका, नाहीतर पिठाला ओल धरते.

७. ऊन दाखवणं आणि ऊन देणं यांत फरक आहे.

चादरीवर जाड थर टाकून धान्याला दोन तास "ऊन दाखवलं" की वरचे किडे चालत सावलीला जातात आणि संध्याकाळी परत येतात. आतल्या अळीला काहीच होत नाही. उन्हाचं काम दोन प्रकारचं असतं. एक, दाणा वाळवणं. गहू-ज्वारीत ओल बारा टक्क्यांच्या आत आणि कडधान्यात त्याहूनही कमी असली की किडीची वाढ मंदावते. घरात मोजमाप नसतं, पण दाताखाली दाणा कट्‌कन फुटला पाहिजे, चेपला जाता कामा नये. दोन, उष्णतेने मारणं. त्यासाठी तापमान पन्नासच्या बरंच वर जावं लागतं. चवळीच्या भुंगेऱ्यावरच्या प्रयोगांत ५७ अंशांना तासभर ठेवल्यावर अंडी, अळ्या, कोष सगळं मेलं. एप्रिल-मेच्या उन्हात गच्चीवर हे साधतं. खाली काळा प्लास्टिक कागद, त्यावर धान्याचा पातळ थर, वरून पारदर्शक प्लास्टिक आणि चारही कडांना विटा. दुपारी अकरा ते तीन. आतल्या दाण्याला हात लावला तर चटका बसला पाहिजे. बियाण्याचं धान्य असेल तर आधी मूठभरावर करून उगवण तपासा.

दुपारचं गरम धान्य तसंच डब्यात भरू नये. ते निवताना आत पाण्याचे थेंब धरतात आणि बुरशी येते. रात्रभर झाकून निवू द्या, सकाळी भरा.

८. एरंडेल, राख, पाला, बोरिक.

सासूबाई किलोला चमचाभर एरंडेल चोळायच्या. पुढे शिकताना कळलं की साधारण एवढीच शिफारस पुस्तकातही आहे, किलोला पाच ते दहा मिली. तेलाच्या थराने अंडं नीट चिकटत नाही, चिकटलं तर त्याला हवा मिळत नाही आणि आतला जीव गुदमरतो. पण आत गेलेल्या अळीला तेल काही करत नाही. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी कडक ऊन, मग निववणं, मग तेल. किडलेल्या मटकीला तेल लावून काही साधत नाही.

चाळलेली कोरडी राख काम करते. ती दाण्यांमधल्या फटी भरते, भुंगेऱ्याला फिरू देत नाही आणि त्याच्या अंगावरचा मेणाचा थर घासून काढते. बियाण्यासाठी मी अजूनही राखच सांगते. कडुनिंबाबद्दल थोडं कडवट बोलावं लागेल. त्यातलं मुख्य कडू द्रव्य निंबोळीत असतं, पाल्यात फारच थोडं. पाला सावलीत पूर्ण वाळवलेला असेल तर थोडीफार मदत करतो. ओला घातलात तर धान्याला ओल देता, म्हणजे किडीचंच काम करता. लवंग, तमालपत्र, आगपेटीच्या काड्या वगैरे व्हॉट्सॅपी उपायांनी डब्याला वास येतो, यापलीकडे माझा अनुभव नाही. तांदळाला बोरिक पावडर चोळण्याची चाल घराघरांत आहे. किडे कमी होतात हे खरं, पण ती पोटात जाण्याची वस्तू नाही आणि पाण्यातून कितीही काढली तरी लहान मुलांच्या भाताचा विचार मनात येतोच. मी ती बंद केली.

९. हवा काढून घेतली तर कीड तहानेने मरते.

पश्चिम आणि मध्य आफ्रिकेत चवळी हे गरिबाचं मुख्य अन्न आणि तिथेही शत्रू हाच भुंगेरा. १९८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाचे लॅरी मरडॉक आणि सहकाऱ्यांनी कॅमेरूनच्या शेतकऱ्यांसाठी साधी युक्ती बसवली: आत जाड प्लास्टिकच्या दोन पिशव्या, बाहेर विणलेलं पोतं, तिन्हींची तोंडं वेगवेगळी घट्ट बांधायची. आतले किडेच आतला प्राणवायू संपवतात. पुढे याच गटाने दाखवलं की अळ्या नुसत्या गुदमरून मरत नाहीत. कोरड्या दाण्यात त्यांना पाणी मिळतं ते खाल्लेलं अन्न प्राणवायूच्या मदतीने जाळून. प्राणवायू संपला की खाणं थांबतं, पाणी तयार होणं थांबतं आणि त्या वाळून मरतात.

आपल्याकडे ही अक्कल जुनीच आहे. सोलापूर-सांगलीकडे जमिनीखालच्या पेवांत ज्वारी ठेवत, तेव्हा तोंड मातीने लिंपून बंद करायचे. पेव उघडल्यावर लगेच कुणी आत उतरत नसे. आधी पेटता कंदील सोडून बघायचे, विझला तर थांबायचे. आत प्राणवायू उरलेला नाही हे त्यांना ठाऊक होतं.

स्वयंपाकघरात याचा अर्थ एवढाच: मोठा डबा रोज उघडू नका. वर्षाचं कडधान्य कोरड्या, घट्ट झाकणाच्या लहान बाटल्यांत गळ्यापर्यंत दाबून भरा, एक संपली की दुसरी उघडा. अर्धी रिकामी बाटली म्हणजे आत भरपूर हवा. स्टीलचा साधा डबा कितीही चकचकीत असला तरी तो हवाबंद नसतो.

१०. खपरा.

गव्हाच्या पोत्यांवर तपकिरी, केसाळ अळ्या आणि त्यांच्या कातींचा कोंडा दिसला तर तो खपरा. याची अळी भिंतीच्या भेगेत अन्नावाचून वर्षानुवर्षं पडून राहू शकते, इतर किडींना जगता येत नाही एवढ्या कोरड्या धान्यातही वाढते आणि औषधालाही लवकर दाद देत नाही. जगातल्या कितीतरी देशांनी तिचा धसका घेतला आहे. मुलांकडे अमेरिकेला निघालेल्यांना मी आठवण करून देते की बॅगेत आंबेमोहोर भरू नका. खपरा असलेल्या देशांतून प्रवाशांनी तांदूळ नेण्याला तिथे बंदी आहे आणि विमानतळावर तो काढून घेतात.

११. डब्यात चिलटाएवढी काळी माशी दिसली तर घाबरू नका.

ती किड्यांवर जगणारी गांधीलमाशी असते. दाण्याच्या आतली अळी बाहेरून हेरते, सालीतून नळी खुपसून तिच्या अंगावर अंडं घालते. धान्याला तिचा काही उपद्रव नाही. अर्थात ती आहे म्हणजे आत खाणं भरपूर आहे, हेही समजून घ्या.

आत कीड आहे की नाही, ते पाण्यातही कळतं: मटकी भिजवताना वर तरंगणारे दाणे काढून टाका. ते पोखरलेले असतात, त्यांत अळीची विष्ठा असते आणि उसळीला येणारा कडवटपणा बहुधा तिचाच. ओंजळभर तरंगले तर उरलेल्या डब्याकडे वळा.

१२. गोळ्या घरात आणू नका.

शेवटचं आणि सगळ्यांत गंभीर. गोदामांत धुरी देण्यासाठी ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या वापरतात. हवेतल्या ओलाव्याशी संयोग होऊन त्यांतून फॉस्फीन वायू निघतो. गोदामात पोत्यांच्या थप्पीवर जाड आच्छादन घालतात, कडांना वाळूने भरलेल्या लांब पिशव्या ठेवतात, माणसं बाहेर काढतात आणि आठवडाभर कुणाला जवळ फिरकू देत नाहीत. नियमाप्रमाणे या गोळ्या फक्त सरकारी यंत्रणा आणि प्रशिक्षित धुरी देणाऱ्यांनीच वापरायच्या. तरी खेड्यापाड्यांत त्या कागदात गुंडाळून सुट्या मिळतात, लोक त्या गव्हाच्या पोत्यात खोचतात आणि पोतं झोपायच्या खोलीत पलंगाखाली ठेवतात. वायू दाराच्या फटीतून शेजारच्या खोलीतही जातो. त्यावर उतारा नाही. अशा प्रकारे कुटुंबंच्या कुटुंबं दगावल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत दरवर्षी येतात आणि बहुतेक वेळा त्यांत लहान मुलं असतात.

किडीच्या दृष्टीनेही हा घरगुती वापर कुचकामी आहे. पोतं हवाबंद नसल्याने वायू निसटतो, थोडे किडे वाचतात आणि वाचलेल्यांची प्रजा अधिक चिवट निघते. तांबड्या भुंगेऱ्यात आणि दाणे पोखरणाऱ्या भुंगेऱ्यात फॉस्फीनला न जुमानणारे वंश तयार झाले आहेत, ते अशाच गळक्या धुरीमुळे.

घरात अशा गोळ्या आधीच असतील तर पुडी उघडू नका, पाण्यात टाकू नका, चुलीत टाकू नका. माणसं-जनावरं जिथे राहत नाहीत अशा कोरड्या, हवेशीर जागी कुलपात ठेवा आणि कृषी सहायकाला विचारून त्यांची विल्हेवाट लावा. धान्यात घातल्या गेल्या असतील आणि घरात कुणाला मळमळ, छातीत दडपण, धाप असं काही झालं तर सगळ्यांना ताबडतोब बाहेर मोकळ्यावर आणा, दवाखान्यात न्या आणि डॉक्टरांना गोळ्यांचं नाव पहिल्या वाक्यात सांगा. गोळ्या घालण्यापेक्षा किडलेली मटकी कोंबड्यांना घाला, नाहीतर उकिरड्यावर टाका. दोन-चार किलो कडधान्याचं नुकसान सोसता येतं.